ढगळ शर्टांची टीम

"धर!" मी ओरडले. "ओढ!"

'ओढ' म्हटलं की आमच्या नववीच्या रस्सीखेच टीमने सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे यायचं असतं. त्याऐवजी पेन्सिलची, म्हणजे टीममधल्या सगळ्यांत काटकुळ्या मुलाची, दुमडलेली बाही सुटली, लोंबकळत त्याच्या मुठीत शिरली, दोर आणि तळहाताच्या मध्ये आली आणि हात सटकला. पेन्सिल मागच्यावर पडला, मागचा त्याच्या मागच्यावर, आणि आठवीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी आमची अख्खी टीम फरफटत रेषेपलीकडे नेली.

"आठवीकडून हरलो!" मी म्हणाले. "अरे, त्यांच्यातल्या अर्ध्यांचे दुधाचे दात पडायचेत अजून!"

कोणी हसलं नाही. हसू सगळ्यांनाच येत होतं, पेन्सिलला तर ते दाबताना उचकी लागली, पण हसायची बंदी होती. मातीतून उठून सगळ्यांनी आपापले भलेमोठे शर्ट झटकले, बाह्या पुन्हा कोपरापर्यंत दुमडल्या आणि चेहरे गंभीर करून उभे राहिले.

मला बालवाडीपासून सगळे भोंगा म्हणतात, आवाजावरून. पूर्वी मी त्यावरून रडायचे, वर्गात तोंडावर हात ठेवून बोलायचे. या वर्षी खेळाच्या सरांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि म्हणाले, "तू वर्गात कुजबुजलीस तरी मला मैदानात ऐकू येतं. त्यापेक्षा मैदानातच ये." आणि मुलांच्या टीमला ताल द्यायचं काम माझ्याकडे आलं! 'धर' म्हटलं की पाय रोवून थांबायचं, 'ओढ' म्हटलं की मागे यायचं. टीमने दर वेळी 'हो!' म्हणून उत्तर द्यायचं, म्हणजे पुढच्याला मागच्याचा अंदाज राहतो. मी ओरडते आणि आठ मुलगे ऐकतात. आयुष्यात दुसरं काय पाहिजे?

पण दगड आला आणि 'हो' बंद झालं.

दगड दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात नवीन आला. आडवा, रुंद खांद्यांचा, शेवटच्या जागेवर उभा करायला अगदी तयार. शेवटचा गडी दोर काखेखालून घेऊन पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर आणतो आणि अख्ख्या टीमचा भार अंगावर घेतो. टीमचा कॅप्टन मिशी. मिशी म्हणजे वर्गात सर्वांत आधी मिशी फुटलेला, त्यामुळे आपोआप पुढारी झालेला. नवीन मुलाला टीममध्ये घ्यायच्या आधी मिशी त्याचं मनगट दोन्ही हातांत धरून ओलं फडकं पिळावं तसं पिळतो. आवाज काढला तर तो मुलगा 'मऊ'. मऊ ठरलेल्याने दिवसभर सगळ्यांची दप्तरं उचलायची. मिशीने या मुलाचं मनगट लाल होईपर्यंत पिळलं. तो मात्र ते मनगट दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला.

"दगड आहे हा!" मिशी म्हणाला. त्या दिवसापासून तो दगड.

आणि मग सगळ्यांनाच दगड व्हायचं होतं. दगड विनोदावर हसायचा नाही, म्हणून टीमने हसणं सोडलं. दगड डबा अर्धा खाऊन झाकण लावायचा, म्हणून सगळ्यांचे डबे अर्धे घरी जायला लागले. दगड दोर ओढताना तोंड उघडायचा नाही, म्हणून मिशीने फर्मान काढलं, "यापुढे 'हो' नाही. गप्प ओढायचं." शाळा सुटली की दगड क्षणभर थांबून फाटकाकडे बघायचा आणि मग निघायचा. आठवड्याभरात अख्खी टीम थांबून फाटकाकडे बघायला लागली.

"काय बघतोस रे?" मी पेन्सिलला विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण भारी वाटतं."

शर्टांचंही तसंच. सरावाला गणवेश लागत नाही, म्हणून दगड बारीक चौकटींचा, चॉकलेटी रंगाचा एक मोठ्या माणसाचा शर्ट घालून यायचा. खांदे दंडावर उतरलेले, बाह्यांच्या चार-चार घड्या. पहिल्यांदा मिशीने घरून वडिलांचा शर्ट पळवला, मग पेन्सिलने, मग सगळ्यांनी. पेन्सिलच्या वडिलांचा शर्ट म्हणजे तंबू. पेन्सिल त्यात हरवायचा आणि मान वर काढून विचारायचा, "दिसतो का दगडसारखा?"

"वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतोस," मी म्हणायचे.

दहावीविरुद्धची फायनल शनिवारी होती. आठवीकडून हरल्यावर मिशीने सगळ्यांना गोल उभं केलं. मला वाटलं, आता तरी याचं डोकं ठिकाणावर येईल.

"फायनलला सगळे ढगळ," मिशी म्हणाला. "जर्सी घालेल तो मऊ. आणि दगड, तू हाच चॉकलेटी. हा आपला लकी शर्ट आहे."

"माझा नको," दगड म्हणाला. "म्हणजे… मी जर्सी घालतो. दोर पाठीवरून जातो, शर्ट फाटेल."

"शर्टाला घाबरला?" मिशी म्हणाला. "तुझ्यावरून तर सुरू झालं सगळं. आता तूच मऊ?"

सगळे बघत राहिले. दगडने दुमडलेली बाही आणखी एकदा दुमडली. "घालतो," तो म्हणाला.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे आईचं शिवणाचं दुकान. शुक्रवारी संध्याकाळी मी खाली बसून ब्लाउजला हूक लावत होते, आई मशीनवर होती, आणि दारात दगड. हातात पिशवी, पिशवीत तो शर्ट. मला बघून तो उलट्या पावली परत जायच्या बेतात होता.

"ये ना रे!" मी म्हणाले. "आई, हा दगड!"

"असं म्हणतात का गं कुणाला?" आई म्हणाली. "बस बाळा. काय शिवायचंय?"

"काकू, याला आतून अस्तर लावता येईल का? खांद्याला आणि इथे काखेखाली. दोर घासला तरी फाटू नये असं."

आईने शर्ट टेबलावर पसरला. "अरे, हा तुला केवढा होतोय! खांदे आत घेते, बाह्या कमी करते. तुझ्या मापाचा करून टाकते."

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की मीसुद्धा दचकले, आणि मी सहसा आवाजाला दचकत नाही. "मापाचा नको. आहे तसाच ठेवा."

आईने त्याच्याकडे बघितलं. मग शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवलं. "कितीही अस्तर लावलं ना, तरी दोर तो दोरच. कापड जुनं आहे, उसवेल. उद्या घालूच नकोस हा."

"घालावाच लागेल."

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"मग तुझ्या बाबांना विचारून तरी घाल. त्यांचा आहे ना?"

दगड मशीनच्या चाकाकडे बघत राहिला. ते थांबलेलं होतं.

"ते गेले," तो म्हणाला. "सुट्टीत. म्हणजे सुट्टी लागायच्या आधी आजारी होते, आणि मग सुट्टीत."

मला एकदम ते फाटक आठवलं, आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिलेली ती मूर्खांची रांग आठवली.

आई उठली, पाणी आणलं, त्याच्या हातात दिलं आणि काही न बोलता परत बसली. माझी आई बोलण्यात माझ्यापेक्षा फार कमी नाही, पण कधी गप्प बसायचं ते तिला येतं. मला त्या दिवसापर्यंत येत नव्हतं.

"शाळेत का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आधीच्या शाळेत त्यांच्या आजाराचं माहीत होतं सगळ्यांना," तो म्हणाला. "मी आलो की गप्प व्हायचे. खेळताना मुद्दाम मला जिंकू द्यायचे. मला कुणी शिवीसुद्धा देत नव्हतं." त्याने पाण्याचा घोट घेतला. "इथे पहिल्याच दिवशी मिशीने मनगट पिळलं. बरं वाटलं."

"ओरडला कसा नाहीस पण?"

"तोंड उघडलं ना, की रडूच येतं. म्हणून उघडत नाही." मग तो माझ्याकडे वळला. "तू सांगू नकोस कुणाला. तुला… जमेल का हळू बोलणं?"

"शप्पथ," मी म्हणाले. एवढं हळू, की आईने वर बघितलं.

आईने जाड कापडाचं दुहेरी अस्तर लावलं, बारीक टाक्यांनी, कुठेही मूळ शर्टाला कात्री न लावता. दगड शेवटपर्यंत टेबलापाशी उभा होता. निघताना म्हणाला, "धुतल्यावर वास गेला त्यांचा. म्हणून आता निदान शर्ट तरी," आणि पिशवी काखेत धरून बाहेर पडला.

शनिवारी मैदान भरलेलं. आई-वडील, काका-मामा, छोटी भावंडं, सगळे कडेच्या पायऱ्यांवर. आणि मध्ये आमचे वीर, ढगळ शर्टांत, ओठ घट्ट मिटून.

"जर्सी कुठेत?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"सर, हीच आमची जर्सी," मिशी म्हणाला.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

तीनपैकी दोन खेची जिंकायच्या होत्या. दहावीवाले म्हणजे एकेक कपाटासारखा. त्यांचा ताल देणारा एक बारका मुलगा होता, त्याचा आवाज शिट्टीच्या पुढे जात नव्हता. माझ्या मनात आलं, आवाजाचीच स्पर्धा असती तर आत्ता पेढे वाटले असते!

शिट्टी झाली. "धर!" मी ओरडले, आणि मला दिसलं. दगडने दोर पाठीवर घेतलाच नव्हता. खांद्यापासून बोटभर दूर, नुसत्या हातांनी धरून ठेवला होता. तसा धरला तर शेवटचा गडी असून नसल्यासारखा. "ओढ!" म्हणेपर्यंत दहावीने ओढलं, आणि पेन्सिलपासून एकेक जण पुढे जात गेला. संपलं. दहावीच्या बाजूच्या पायऱ्यांवरून आमची हुर्यो उडाली.

"काय करतोयस तू?" मिशी धापा टाकत दगडवर धावून गेला. "दोर पाठीवर घे ना! शर्टाला जपतोयस? कपडे मिरवायला आलास?"

"नाही तर काय! आणि म्हणे दगड!" कुणीतरी म्हणालं.

"मऊ," दुसरा म्हणाला. "मऊ, मऊ."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं असतं. मी ओठ दाताखाली धरले. आजवर मी कितीतरी ओरडले असेन, पण एवढी ताकद मला ओरडायला कधी लागली नव्हती.

"सगळ्यांनी शर्ट काढा," मी म्हणाले. "ताल मी देते ना? मी सांगते. बाह्या मुठीत जातायत."

"ढगळ म्हणजे ढगळ," मिशी म्हणाला. "काढेल तो मऊ."

दगडने शर्टाचं वरचं बटण काढलं.

मग दुसरं. घाई न करता, एकेक. शर्ट उतरवला, बाह्या सरळ केल्या आणि तिथेच उभ्याउभ्या त्याची घडी घातली, दुकानात घालतात तशी, कॉलर वर ठेवून. आत नुसतं बनियन. पायऱ्यांवरचे लोकही आता बघायला लागले होते.

"हो," तो मिशीला म्हणाला. "मऊ आहे मी. हा शर्ट माझ्या बाबांचा आहे. बाबा गेले. हा फाटला तर दुसरा नाही."

त्याचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांसमोर. त्याने ते पुसलंही नाही. घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धर."

पेन्सिलने आपल्या लोंबणाऱ्या बाह्यांकडे बघितलं. मग दगडकडे, मग परत बाह्यांकडे.

"म्हणजे आम्ही इतके दिवस…" तो म्हणाला. "अरे देवा. आणि ते फाटकाकडे बघायचो ते…"

"न्यायला यायचे मला," दगड म्हणाला. "आधीच्या शाळेत."

पेन्सिल रडायलाच लागला. आधीची सगळी उचक्यांची साठवण एकदम बाहेर.

मिशीचा चेहरा मात्र मला कळेना. लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, हा आता काहीतरी भयंकर बोलणार आणि मी याच्या त्या चार केसांच्या मिशीसकट याला मैदानात पुरणार. सरांनी घड्याळ बघून हात वर केला. दुसऱ्या खेचीची वेळ झाली होती.

"दोर कुठे घासतो तुला?" मिशीने विचारलं.

"काय?"

"बहिरा आहेस का? कुठे घासतो, दाखव."

दगडने उजवा खांदा दाखवला, मग डाव्या काखेखाली हात लावला. मिशीने अंगातला शर्ट बटणं न काढताच डोक्यावरून ओढून काढला. पांढरा, कडक इस्त्रीचा होता. त्याची चौकोनी घडी केली आणि दगडच्या खांद्यावर दाबून बसवली.

"याच्यावरून घे दोर," तो म्हणाला. "माझ्या बापाचा आहे. फाटू दे. मी बघून घेईन."

पायऱ्यांवरून एक भारदस्त आवाज आला, "अरे ए! परवा लग्नाला घालायचाय तो!"

आणि आमची टीम हसली. अख्खी! पेन्सिल तर रडता रडता हसला, ते बघायला फार विचित्र दिसतं. मग सगळ्यांनीच शर्ट काढले. काखेत दोन, पाठीवर दोन, मानेपाशी एक. पेन्सिलचा तंबू तर दगडला कमरेभोवती दोनदा गुंडाळता आला. शेवटी दगड गाद्यांच्या दुकानासारखा दिसायला लागला.

"श्वास घेता येतोय का?" मी विचारलं.

"थोडा," तो म्हणाला. आणि हसला. तो हसतो कसा, ते मी पहिल्यांदाच बघत होते. एका बाजूने जास्त.

"ऐका!" मी ओरडले. घडी छातीशी धरून, कारण हात वर केला असता तर शर्ट हलला असता. "गप्प ओढणं बंद! मी म्हटलं की 'हो' पाहिजे. पोटातून. रडत म्हणा, ओरडत म्हणा, पण ऐकू आलं पाहिजे!"

शिट्टी.

"धर!"

"हो!" फक्त एकच आवाज आला, सगळ्यांत मागून. घोगरा, ओला, मोठ्या माणसाचा होत आलेला. दगडचा.

"धर!"

"हो!" आता सगळ्यांचा.

"ओढ!"

आणि ते आले मागे! एक पाऊल, सगळे मिळून, एकाच माणसाला सोळा पाय फुटल्यासारखे. दोर दगडच्या खांद्यावर करकरला आणि तिथेच बसला. दहावीची कपाटं चार बोटं हलली. मग वीतभर. पेन्सिलच्या तळहातांची सालं निघाली, तो "आई गंऽऽ!" म्हणून केकाटला आणि त्याच सुरात त्याने ओढलं. दुसरी खेच आमची.

तिसरीबद्दल मी कितीही सांगितलं तरी कमीच. बराच वेळ कोणीच हलेना. दोर नुसता थरथरत होता. दगडचे डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि माझ्या प्रत्येक हाकेला तो तोंड उघडून ओरडतोय. त्या सुट्टीपासून आत कोंडलेलं सगळं एकेका 'हो'बरोबर बाहेर येत होतं आणि पुढचे सात जण ते जसंच्या तसं उचलत होते. माझ्या घशात काटे आले. मी थांबले नाही. दहावीच्या पुढच्या मुलाची टाच निसटली. "आत्ता!" मी किंचाळले. "ओढ! ओढ! ओढ!" आणि रेषा आमच्या बाजूला आली, कपाटं एकेक करून मातीत बसली, आणि मैदानात जो काही गोंगाट झाला त्यात पहिल्यांदाच माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मुलं एकमेकांच्या अंगावर पडून राहिली. मिशी सर्वांत खाली. "उठा रे, मेलो," तो ओरडत होता. "मऊ आहे मी! मऊ!"

मिशीचे बाबा पायऱ्या उतरून आले. मिशी धडपडत उठला, दगडच्या खांद्यावरून पांढरा शर्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला. मधोमध आरपार भोक पडलं होतं. मिशी त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मिशीचे बाबा त्या भोकाकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी शर्टाची गुंडाळी करून काखेत मारली आणि दगडला विचारलं, "खांद्याला लागलं नाही ना रे?"

"नाही काका."

"मग झालं," ते म्हणाले.

मी अजून तशीच उभी होते, घडी छातीशी धरून. दगड माझ्याकडे यायला निघाला, अर्ध्यात थांबला, स्वतःचे हात बघितले आणि वळून नळावर गेला. त्याने कोपरापर्यंत हात धुतले. नखांतली माती काढली, बोटांच्या बेचक्या चोळल्या, पुन्हा धुतले. मागे अख्खी टीम तहानेने व्याकूळ होऊन रांगेत उभी होती. कोणी ढकललं नाही, कोणी 'आटप रे' म्हटलं नाही. मिशीने नळ धरून ठेवला होता, कारण तो सोडला की बंद होतो.

बनियनला हात पुसून दगड माझ्यासमोर आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.